चैत्रा अजून आली नाही

ती. सौ. अक्कास,

कमलनगरहून प्रभुलिंगचा शरणार्थ. आम्ही इकडे बरे आहोत, तुम्हीही सगळे बरे असाल असं धरून चालतो. दाजींचा गुडघा कसा आहे? आईनं त्यांच्यासाठी तेल दिलंय, ते या पत्रासोबत अंकुशरावांच्या हाती पाठवतोय. (ते जीपनं उदगीरला यायलेत. बाटली उभी धरा म्हणून सांगितलंय, तरी पत्राला वास आला तर समजून घे.) फोन सोडून पत्र कामून, असं तुला वाटेल. फोन लावला की चिन्नी मांडीवर येऊन कान लावून बसते, आणि बोलायचं आहे ते तिच्याबद्दलच.

चिन्नीला यंदा शाळेत घातलं. बसस्टँडच्या मागं नवीन बालवाडी निघाली आहे, तिथं. नाव घालायला गेलो तेव्हा मॅडमनी सांगितलं, शाळा सुरू व्हायच्या आधी पोरीला आपल्या हातानं खायला, चपला घालायला, शू लागली तर सांगायला शिकवा आणि मुख्य म्हणजे नावानं हाक मारायची सवय लावा. सुधारानीनं हे फार मनावर घेतलं. खायचं जमलं, पण चिन्नी एकटी डबा खाईना, सोबतीला कुणीतरी डब्यातूनच खायला पाहिजे. म्हणून मी दुकानात बियाण्याच्या पोत्यावर बसून तिच्यासंगं डब्यातलं उपीट खात होतो. (गिऱ्हाइकांना वाटलं, घरात भांडण झालंय. वीरभद्रप्पा तर मला बाजूला घेऊन समजावून गेले, की बायकोचं ऐकावं.) चपलाही जमल्या, डावी-उजवी सोडून.

राहिलं नाव. घरात हुकूम निघाला, की आजपासून चिन्नी म्हणायचं नाही, चैत्रा म्हणायचं. आईला सवय होईना. ती ‘चिन्नी’ म्हणून सुरू करायची आणि मध्येच जीभ चावून ‘चैत्रा’वर यायची, की चिन्नी मागं वळून बघायची, कोण आलं म्हणून. मग सुधारानीनं गोडीनं घ्यायचं ठरवलं. चैत्रा शाळेत जाणार, चैत्रा डबा संपवते, चैत्रा रडत नाही, असं ती उठता-बसता सांगू लागली. मीही री ओढली. आम्ही चैत्राचं इतकं कौतुक केलं, की चिन्नीला वाटलं, ही दुसरीच कुणी गुणाची पोरगी आहे आणि ती शाळेत भेटणार आहे.

हे आम्हाला लवकर कळलंच नाही. शेंगाच्या पोळीचा अर्धा तुकडा ती बाजूला ठेवायची, आम्हाला वाटायचं पोट भरलं. एकदा दुधाचा पेला लवंडला, तर म्हणाली, “चैत्रानं सांडलं.” आम्ही हसलो. आई मात्र भिंतीकडं तोंड करून चैत्राला चांगलीच रागावली. (तेव्हा चिन्नीनंच मध्ये पडून ‘जाऊ दे आजी, ल्हान हाय ती’ असं म्हटलं.)

शाळेचा पहिला दिवस आला. बाकीची लेकरं आयांचे पदर सोडेनात, आणि आमची मात्र दप्तर पाठीला लावून पुढं चाललेली. सुधारानीला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू. आम्ही खिडकीशी उभे राहिलो. मॅडम नावं घेऊ लागल्या. चैत्राचं नाव आलं. कुणी बोललं नाही. मॅडमनी परत, आता कन्नडमधून, कोण म्हणून विचारलं, “चैत्रा यारु?” तेव्हा चिन्नी उठून उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, “ती आली न्हाई मॅडम. मी बी तिचीच वाट बघायलीय.”

खिडकीतले सगळे आईबाप हसले, मीही हसलो. पण ती खरंच दाराकडं बघत होती, अक्का. शाळा सुटली तरी मागं वळून बघत होती. घरी आल्यावर डबा उघडला, तर अर्धी पोळी तशीच. चैत्रासाठी ठेवली होती. आणि मग ती रडली. शाळेला भिऊन नाही. आम्ही सांगितलेली मैत्रीण आली नाही म्हणून. “चैत्राला ताप आलाय का?” असं विचारलं तिनं.

सुधारानीनं तिला जवळ घेऊन नीट सांगितलं, की चैत्रा म्हणजे तूच. तिनं आमच्या दोघांकडं पाळीपाळीनं बघितलं. मग म्हणाली, “मी चैत्रा झाले तर चिन्नीनं घरी एकटीनं काय करायचं?”

सांग बरं, याला काय म्हणायचं? आईनं पदर डोळ्याला लावला. मी दुकानाचं काम आठवलं म्हणून उठलो. (काम काही नव्हतं.)

आता ती शाळेत जाते, गाणी म्हणते, मॅडमचा लळाही लागलाय. मॅडम समजूतदार आहेत. बाहेर खेळताना चिन्नीच म्हणतात. पण रोज हजेरीला नाव आलं, की ही उठून सांगते, आली न्हाई. वर्गात बसून रोज गैरहजर असलेली कमलनगरातली ती एकटीच असेल. काळजी करू नकोस. सहज कळवलं. भाच्यांना आशीर्वाद.

तुझा,
प्रभुलिंग

ता. क. सहज कळवलं असं वर लिहिलं, ते खरं नाही. पाळण्यात तिच्या कानात नाव तूच सांगितलं होतंस. आई म्हणते, तेव्हा पोरगी गाढ झोपली होती, कानात कुर्र झालं तरी हलली नाही. नाव आत गेलंच नसणार. तर येत्या रविवारी येऊन जा आणि जागेपणी तिच्या कानात एकदा परत सांग. आमचं ती ऐकत नाही, पण आत्या खोटं बोलत नाही असं तिचं मत आहे. चिन्नी आणि चैत्रा दोघी एकाच घरात, एकाच अंगात राहू शकतात, एवढं तिला पटव. कसं ते तूच बघ.

ता. क. दुसरा. येताना फ्रॉक आणणार असशील तर एकच आण. दोन आणलेस तर सगळं मुसळ केरात.

ता. क. तिसरा. सुधारानीनं पत्र वाचलं. दोन आण म्हणते. एकाच मापाचे.