बोट धरू नकोस

कुरुंदा,
१२ एप्रिल २०२५

चि. दिपूस,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल, तुझी खुशाली कळव. एवढं ब्रेलमध्ये टोचायलाच अर्ध्या कागदाचा जीव गेला, तेव्हा शिष्टाचार इथेच संपले. उजवीकडून डावीकडे उलटं टोचायचं म्हणजे कागद पालटल्यावर सुलटं वाचता येतं, हे तूच शिकवलंस, पण माझा हात अजून विसरतो. बोटाला एखादी जागा चिरडल्यासारखी लागली तर समज, तिथे चुकले होते आणि टिंबं नखाने दाबून टाकली. वाचणाऱ्याने ती जागा सोडून पुढे जायचं असतं, हेही तुझंच.

फोनवर का बोलत नाही म्हणशील. आबांना ऐकू कमी येतं म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर, आणि तुझा फोन आला की अर्धी गल्ली आपल्या ओट्यावर. उकंडराव काका तर 'पुण्याहून दिपक बोलून राहिला' असं वाटेने जाणाऱ्यालाही सांगतात. बोटाने वाचायचं हे लिहिणं मात्र या गावात माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाही. म्हणून हा खटाटोप.

एक मेची तयारी जोरात आहे. झेंडावंदन झालं की ग्रामपंचायतीसमोरच्या मांडवात तुझा सत्कार. बॅनर छापून आलंय. त्यात तुझा काळा चष्मा एवढा मोठा आहे की खाली तोंड कुणाचं हे शोधावं लागतं. 'राज्य युवा पुरस्काराचे मानकरी, अंध मुलांचे शिक्षक' असं लिहिलंय. आबा रोज एकदा जाऊन बघून येतात. पाहुणे आले की तुला मागच्या खोलीत बसायला सांगायचे, तेच आपले आबा. मला हसू येतं आणि रागही येतो. फेटा कोणत्या रंगाचा यावरून दोन दिवस वाद चालला. तुला काय रंगाचं, पण तुला कुणी विचारलं नाही.

मानपत्र सृष्टीने ब्रेलमधून वाचावं हा तुझा निरोप मिळाला. कल्पना चांगली आहे, पण तिला नको. आपल्या वर्गातलं दहा वर्षांचं लेकरू, माईकसमोर घाबरतं. सरपंच वाचतील, त्यांना हौस आहे. इथला अंध मुलांचा वर्ग मी सध्या बंद ठेवलाय. मुन्ना आईबापाबरोबर ऊसतोडीला गेला तो अजून परतला नाही. येईल, पण शिकलेलं विसरून येईल. आणि इथे हळदीचा हंगाम, कुणाला वेळ नाही.

तब्येत सांभाळ. मेसमधलं जेवण आवडत नाही म्हणून उपाशी राहू नकोस.

तुझी ताई,
सुनिता


कुरुंदा,
२१ एप्रिल

चि. दिपूस आशीर्वाद.

पकडलंस. फोनवर सगळ्यांसमोर विचारलंस, 'ताई, गावात फक्त तुलाच वाचता येतं म्हणतेस, मग सृष्टीला काय झालं?' मी काही बोलायच्या आत आबांनी फोन ओढून घेतला. 'पोरगी एकदम बराबर हाय, तू कायी काळजी करू नको.' आबांचं म्हणणं, एक मे होईपर्यंत तुला कळू द्यायचं नाही. पोराचा दिवस खराब व्हायला नको. त्यांचं प्रेम उशिरा जागं झालं आणि आता ते असं वागतंय.

सांगते. कुठून सुरू करावं हे कळत नव्हतं, म्हणून तीन-चार दिवस गेले.

सव्वीस जानेवारीला तू शाळेच्या मैदानावर बोललास. पुरस्कार मिळाल्यानंतर पहिल्यांदाच गावात आला होतास. म्हणालास, 'या लेकरांना कोपऱ्यात बसवून ठेवू नका. घरातल्या बाकीच्या पोरांना जे काम सांगता तेच यांनाही सांगा.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं. भाषण ऐकून या गावात कुणी कधी काही करत नाही. पण सृष्टीच्या वडिलांनी, संतरामभाऊंनी, केलं.

मार्चमध्ये त्यांच्या शेतात हळद शिजत होती. तिची आई, पार्वतीबाई, सृष्टीला सोबत न्यायला लागल्या. शिजून गार झालेल्या ढिगातून गड्डे एकीकडे, हळकुंडं एकीकडे. बोटांनीच ओळखायचं काम, त्यात ती सगळ्या बायांच्या पुढे. घरी येऊन मला हात हुंगायला द्यायची, आईसारखाच वास येतो का म्हणून विचारायची. पोरगी खूश होती दिपू, हे मी मुद्दाम लिहिते आहे.

मग एका दिवशी हळद शिजवायच्या कुकरचा गरम ड्रम तिच्या शेजारीच उपडा केला. डोळे असणाऱ्याला सांगावं लागत नाही, वाफ दिसते. तिला सांगायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. तिला वाटलं नवा ढीग आला. तिने दोन्ही हात मनगटापर्यंत आत घातले.

नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, कातडी येईल. कातडी आली. जाड आहे, बोटांची टोकं तेल लावल्यासारखी गुळगुळीत. पट्ट्या निघाल्यावर मी तिच्यापुढे अगदी पहिल्या धड्याचा कागद ठेवला. तिने बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि विचारलं, 'ताई, कोराच दिला का?'

तू म्हणशील दुसरी बोटं, म्हणशील तळहात. सगळं करून झालं. डॉक्टर म्हणाले, बोटांना पहिल्यासारखं कळेल याची आशा धरू नका. तू म्हणशील मोबाइलवर ऐकून शिकव. त्यांच्या घरी एकच मोबाइल, तो बापाच्या खिशात, बाप शेतात. आणि त्यानंतर पार्वतीबाई तिला माझ्याकडेही पाठवायला तयार नव्हत्या. ती पुन्हा कोपऱ्यात बसते, पहिल्यासारखी. फरक एवढाच की आता सगळ्यांकडे कारण आहे.

मी संतरामभाऊंशी भांडायला गेले होते. ते भांडले नाहीत. म्हणाले, 'म्या काय वाईट केलं, सुनिताबाई? आमी तर पोरीला घरातच ठेवली व्हती. दिपकनं माईकवर सांगितलं तवा भाईर काढली.' मी तशीच परत आले.

इथे दोन ओळी दाबलेल्या लागतील. 'यात तुझी काही चूक नाही' असं टोचलं होतं. मग वाटलं, तू त्यावर बोट फिरवशील आणि तुला ते पटणार नाही. मलाही रोज पटतंच असं नाही. तू बोललास ते खरंच होतं. मग असं का झालं, ते मला कळत नाही.

आता खरं कारण, ज्यासाठी हे पत्र.

परवा सृष्टी आईचं बोट धरून आली. म्हणाली, 'ताई, मानपत्र मीच वाचणार. आन दादाला काहून सांगायचं? कायी सांगू नका.' मी तिला मजकूर म्हणून दाखवला, तिने पाठ केला. त्यात एक वाक्य आहे, 'श्री. दिपक यांच्यामुळे गावातील अंध मुले आज स्वतःच्या बोटांनी वाचत आहेत.' ते ती न चुकता म्हणते. मी म्हटलं, कोराच कागद धर हातात. तर म्हणते, 'न्हाई, टोचून द्या. दादानं मागितला तर?' बोट कागदावरून किती सावकाश न्यायचं, ओळ संपल्यावर कसं मागे आणायचं, सगळा सराव करून झालाय. 'कर्तृत्व' या शब्दाला मुद्दाम अडखळणार आहे. सगळं बिनचूक म्हटलं तर दादा ओळखेल, असं तिचं मत.

मी तिला शब्द दिला होता आणि तो मोडते आहे, कारण मला तुझी सवय माहीत आहे. वर्गात पोर अडखळलं की तुझा हात पुढे जातो. त्याचं बोट धरून तू ते बरोबर टिंबावर नेऊन ठेवतोस. मांडवात ती तुझ्या खुर्चीशेजारी उभी असेल. ती थांबली की तुझा हात आपोआप जाईल. मग तिचं बोट तुझ्या हाताला लागेल आणि तुला कळेल, आणि तुला कळलं हे तिला कळेल. साऱ्या गावासमोर.

नाही आलास तर तिचा सगळा सराव फुकट जाईल. तेव्हा ये. फेटा बांधून घे, शाल घे, नारळ घे. भाषण करायला सांगतील, काय बोलायचं ते तुझं तू बघ. वर्गाबद्दल मला विचारू नकोस. पाटी आणि कागद मी फडताळात ठेवून दिलेत, पुन्हा काढीन असं वाटत नाही. कुणासाठी काढू?

सृष्टी 'कर्तृत्व'पाशी थांबेल. थांबू दे. हात मांडीवर ठेव. तिला तो शब्द येतो.

तुझी,
ताई

ता. क. हे पत्र फाडायची गरज नाही, बरोबर आणलंस तरी चालेल. सृष्टीच्या हाती लागलं तरी तिला वाटेल, कोरा कागद आहे.