ऑपरेशन लांबवू नका

१४ मार्च, सकाळचे सव्वाअकरा. प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुऊन उपड्या घातल्या आणि लगेच लिहायला बसलो.

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. तुमच्या पोटात अन्न ठरते का?

मागच्या पत्रात मी लिहिले होते की, गाठ रोखणारे जनुक मेलेले नसते, त्याचे फक्त तोंड बंद झालेले असते आणि औषधाने ते पुन्हा बोलू लागते. म्हणून ऑपरेशनची घाई नको. त्यावर विसंबून तुम्ही तारीख पुढे ढकललीत, असे ताईने कळवले.

आज इथल्या संशोधक मॅडमना विचारले, पोटाच्या गाठीवरचे ते औषध कुठे मिळते?

"अरे शहाण्या, पोटाच्या कॅन्सरसाठी ते अजून काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवरच चाललंय, माणसांवर नाही. कुणाला हवंय?"

"शेजाऱ्यांना," मी म्हणालो. तुमचे नाव घ्यायला जीभ रेटेना.

"त्यांना सांग, गाठ लहान आहे तोवर काढून घ्या."

बाबा, बाटल्या धुता धुता कानावर पडलेल्या गोष्टींवर मी तुमचा डॉक्टर झालो. मला तोंड दाखवायला जागा नाही.

पत्र मिळताच दवाखान्यात जा, मिळेल ती पहिली तारीख घ्या. उशीर का केला, असे डॉक्टरांनी विचारले तर माझेच नाव सांगा. मला पाठीशी घालू नका.

तुमचा चुकलेला,
धाकटा