शेळीने खाल्लेला खंड्या

मामा,

पक्ष्यांचं पुस्तक वाचायला दिलं होतं, गवतावर उघडं टाकून फोटो काढायला नव्हे, हे तुमच्या प्रत्येक पत्रात येतंच. माझ्या फोटोत पक्षी धूसर आणि पुस्तकच ठळक, म्हणून तुम्ही पोट धरून हसलात, हेही ताईने कळवलं. हसा. (नमस्कार वर घालायचा राहिला, तो इथे धरावा. हाताची थरथर कशी आहे? पुस्तकबांधणीचं दुकान उघडलंत, की अजून कुलूपच?)

मी मजेत. लॉंड्रीत दिवसभर चादरी, चादरींचा कंटाळा आला की टॉवेल. सुट्टीला बाकीचे झोपतात, मी तळ्यावर. मला एका जागी बसवत नाही म्हणून मास्तरांनी हात टेकले होते, पण कॅमेऱ्यामागे मी तासभर हलत नाही. (मुकादमाला हे पटत नाही. त्याने मला फक्त लॉंड्रीत पाहिलंय.) माझी पद्धत अशी, की ज्या पक्ष्याची वाट बघायची, त्याचंच पान उघडून पुढे ठेवायचं, वर दगड, मागे आपण पालथे. छापलेला आणि खरा, दोघं एकाच फोटोत आले पाहिजेत. परवा खंड्याचं पान ठेवलं. खंड्या आला, चोचीत मासा, समोरच्या काठावरच्या बिळात शिरला. मी श्वास रोखून बटण दाबलं. कॅमेऱ्यावरचा डोळा काढून बघतो तर पुढे शेळी, आणि खंड्याचं पान तिच्या तोंडात.

मी ओरडलो, तर शेळीवाली आजीच माझ्यावर धावली. "छापलेलं खायला घातलंस होय रे मेल्या? पोटात शाई गेली, आता दूध काळं आलं तर?" (आलं नाही. कामावर जाताना रोज चौकशी करतो.) शेवटी शेळीचा झकास फोटो काढून दिला, तेव्हा कुठे मिटलं. शेळी मात्र अजिबात धूसर आली नाही.

आता ऐका. माझ्या फोटोत खंड्या धूसर आहे, कोपऱ्यात शेळीची दाढी आहे, पण पान? अक्षर न् अक्षर ठळक. पुस्तकाच्या पानाएवढं मोठं करून छापून आणलंय. तेव्हा हसलात ते परत घ्या.

तुमचा (कुणी विचारलं तर सांगा)
भाचा

ता. क. फोटो पानाच्या एकाच बाजूचा आहे. मागच्या बाजूला पिल्लं बिळाबाहेर कधी पडतात ते होतं. ते तुम्ही मला लहानपणी इतक्यांदा वाचून दाखवलंय, की तुम्हाला पाठ असणार. तुम्ही सांगा, मी लिहितो. पत्रातून कळवू नका, माझं वाचन तुम्हाला ठाऊक आहे. तोवर पिल्लं उडून जातील.

ता. क. २ पान शिवायला इथे एक बाइंडर आहे, पण त्याच्या हाती पुस्तक द्यायला जीव होत नाही. तुम्ही नुसतं शेजारी बसून ओरडा. हात माझे आहेत, चादरींनी चांगले मजबूत झालेत.

ता. क. ३ ताईकडे गाडीभाडं पाठवलंय, फक्त येण्याचं. सहाशे चाळीस.