टबातला म्हातारा

दादा,

बाबांना डोळ्याच्या डॉक्टरांकडे घेऊन जातेय, दुपारी येऊ. बाथरूममधला निळा टब हलवू नकोस, त्यात बाबांचा म्हातारा मासा आहे. मागच्या खेपेला तू आणलेला मासा दुकानाच्या पाण्यासकट टाकीत ओतलास. नवा मासा तीन आठवडे वेगळा ठेवायचा, हे बाबांनी तुला लहानपणीच शिकवलंय. पण तुला तर गाडी गाठायची होती. तो मासा चौथ्या दिवशी मेला. मी कळवलं, तर तू नुसता अंगठा पाठवलास. आता म्हाताऱ्याची शेपटी कुजतेय.

अकरा वाजता टबातलं अर्धं पाणी काढ आणि बादलीत कालपासून भरून ठेवलंय ते घाल. नळाचं ताजं नको. मग दोन चमचे मीठ मगात विरघळवून घाल आणि निळ्या औषधाचे पाच थेंब. पाच म्हणजे पाचच, अंदाजपंचे नको. टबाची जाळी मोठ्या टाकीत बुडवलीस तर उरलेले चारही जातील.

बाबा रोज विचारतात, "छोटे, म्हातारा जेवला का गं?" मी हो म्हणते. दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती म्हणून खपलं. आज ती निघतेय आणि घरात पाय ठेवला की ते आधी टाकीपाशीच जाणार.

तुझी भरलेली बॅग दाराशी पाहिली. म्हातारा टबात का आहे ते त्यांना तोंडाने सांग, मग खुशाल जा. तेवढंही जमणार नसेल तर टबाशेजारी चिठ्ठी ठेव. अक्षर मोठं काढ, त्यांना स्वतः वाचता आलं पाहिजे. या वेळी मी वाचून दाखवणार नाही.

छोटी