मावशीसारखं सॅलड

सिंहगड रस्ता, पुणे
१३ एप्रिल २०२६

चि. सौ. सत्यशीला हिस,
अ. उ. आ.

वि. वि. पत्र पाहून दचकू नकोस, आम्ही सगळे धडधाकट आहोत. फोनच करणार होते, पण माझ्या कानांचं तुला ठाऊक आहे. स्पीकर लावल्याशिवाय ऐकू येत नाही आणि स्पीकर लावला की आमचा अख्खा मजला बोलण्यात भाग घेतो. त्यापेक्षा तुझ्या स्ट्रॉबेरीची खोकी घेऊन स्वारगेटला येणारा ड्रायव्हर बरा, गुपचूप पत्र नेतो आणि पोस्टाच्या आधी पोचवतो.

कारण असं की एक मेच्या सुट्टीला ह्यांनी खडकवासल्याच्या आपल्या तुकड्यावर सगळ्यांना जेवायला बोलावलंय. बिल्डरच्या घशात न गेलेली तेवढीच जमीन उरली आहे, तिचं कौतुक अजून संपलेलं नाही. चुलीवरच्या भाकरी आणि भरीत माझ्याकडे. आमचे जावई अभिनवराव बार्बेक्यूची शेगडी आणणार आहेत, आणि ते नागपूरकडचे असल्यामुळे तिखटाचं खातंही त्यांच्याकडेच. निशाला विचारलं, तुझ्यासाठी काय करू? तर आपली कन्या म्हणाली, ते ताज्या बेरींचं सॅलड कर, मावशीसारखं.

मावशीसारखं! इतकी वर्षं ह्या मुलीला मी जेवू घातलं, पण आईसारखं कर असं आजवर तिच्या तोंडून निघालं नाही. मार्चअखेर ती तुझ्याकडे दोन दिवस राहून आली. येरवड्याहून माझ्याकडे यायचं तर तिला ट्रॅफिक आडवा येतो. पसरणीचा घाट चढताना मात्र रस्ते मोकळे असतात वाटतं. तिथे काय काय खाल्लं, काय बोललात, हे मी विचारलं. मजा आली, एवढंच उत्तर मिळालं.

तरी कृती सविस्तर कळव आणि बेरी पाठव. श्रीनिवासरावांना नमस्कार. लोभ तुझ्याकडे जरा जास्तच जमा झालेला दिसतोय, त्यातला थोडा इकडे पाठवावा ही विनंती.

तुझी,
आनंदीताई


गोडवली, पाचगणी
१७ एप्रिल २०२६

ती. आनंदीताईस,
शि. सा. न.

वि. वि. तुझं पत्र वाचून हसू आलं आणि थोडी भीतीही वाटली. अगं, त्या सॅलडमध्ये माझं असं काही नाही. स्ट्रॉबेरीचा हंगाम सरत आला आहे, पण सुट्टीपुरती फळं मी वाफ्यात राखून ठेवते. तीस तारखेच्या गाडीने स्ट्रॉबेरी, तुती आणि थोडी रास्पबेरी येईल. बांधावरची करवंदं तोवर काळी झाली, तर तीही टाकीन.

स्ट्रॉबेरी देठासकट धू. देठ आधी काढलेस तर आत पाणी शिरतं आणि चव पळते. जुन्या सुती साडीवर पसरून कोरडी होऊ दे. तुतीचे देठ कात्रीने काप, ओढून काढू नकोस. रास्पबेरी धुवायच्या भानगडीत फार पडू नकोस, पाण्यातून एकदा काढली की पुरे. सगळं एकत्र करायचं ते पानं मांडल्यावरच. कोशिंबिरीसारखंच आहे हे, मीठ आधी घातलं की पाणी सुटलं. मध, लिंबू, चिमूटभर मीठ, ताजी मिरपूड, हाताने तोडलेला पुदिना. डाव घालू नकोस, पातेलंच हलकं हलव.

पपई मात्र घालू नकोस. अननसही नको. बाकी तुझ्या मनाने कर.

इकडे पाणी कमी आहे, हे दिवसभर मोटारीपाशी असतात. निशा आनंदात आहे ना? तिला जप. माझ्यावर आहे तेवढा लोभ ठेव, रागाचं मी बघून घेईन.

तुझी,
सत्यशीला


पुणे
२० एप्रिल २०२६

चि. सत्यशीला,
अ. उ. आ.

वि. वि. कृती पोचली. शाळेत फळ्यावर लिहून देतात तशी नीटस आहे, आभारी आहे. पण पपई नको हे वाक्य तू दोनदा अधोरेखित केलंस. मिठाला एकही रेघ नाही आणि पपईला दोन!

माझ्या फ्रूट सॅलडमध्ये पपई असतेच, हे तुला पुरतं माहीत आहे. झाड आमच्या जमिनीतलं, ह्यांनी स्वतः लावलेलं. निशाचा पहिला वाढदिवस झाला तोही त्याच जमिनीतल्या पपईवर. तुझ्या पाचगणीच्या थंड हवेत पपई धड पिकत नाही, हा माझ्या पपईचा गुन्हा नाही. माझ्या पानात काय असावं हेही आता तुझ्याकडून मंजूर करून घ्यायचं का?

आणि निशाला जप, हे तू मला सांगतेस? गेल्या रविवारी ती आली होती. मी आदल्या दिवशी चक्का टांगून तिच्यासाठी केशराचं श्रीखंड केलं. तिने वाटी लांब सारली, म्हणाली वास येतोय. श्रीखंडाला वास! मग तू दिलेली स्ट्रॉबेरी क्रशची बाटली पिशवीतून काढून चमच्याने खात बसली, माझ्यादेखत, माझ्याच डायनिंग टेबलावर. जाताना पाया पडली तेव्हा मी आशीर्वाद दिला, पण मनापासून दिला असं म्हणवत नाही.

खरं सांगू? मला तुझा मत्सर वाटतो. लपवून काय करू, तू अक्षरावरून ओळखशीलच. पपई का नको ते कारणासह कळव. बाकी लोभ वगैरे ते कारण पटल्यावर.

आनंदीताई


गोडवली
२३ एप्रिल २०२६

ती. ताईस,
शि. सा. न.

घाईत लिहिते, गाडी दारात उभी आहे. रागावू नकोस गं. पपई मऊ असते, बेरीत तिचा लगदा होतो आणि रंग बिघडतो, इतकंच. तुझ्या पपईला नावं ठेवायची माझी काय बिशाद.

हो, खडकवासल्याचा रस्ता खोदून ठेवलाय असं ड्रायव्हर सांगत होता. निशाला स्कूटरवरून येऊ देऊ नकोस, अभिनवरावांच्या गाडीतून सावकाश येऊ दे. आणि चुलीच्या धुरात तिला बसवू नकोस. दाजींना नमस्कार. माया पातळ करू नकोस.

तुझी,
सत्यशीला


पुणे
२५ एप्रिल २०२६

सत्यशीला,

आशीर्वाद नंतर. पपई नको, अननस नको, स्कूटर नको, धूर नको. श्रीखंडाचा वास येतो आणि आंबट बाटलीभर खाल्लं जातं. मी काय दुधखुळी आहे?

तुझं पत्र हातात धरून मी स्वयंपाकघरात उभी होते. हे विचारत होते की चहा होणार आहे का नाही. मी म्हटलं, होईल. त्यांना काही सांगितलं नाही. कितवा महिना आहे? तिने तुला मार्चमध्येच सांगितलं ना? ती तिथे स्ट्रॉबेरी तोडायला गेली होती म्हणे!

मी तिची आई आहे. जगात कोणाला आधी कळायला हवं होतं ते तूच सांग. सासूला सांगितलं असतं तरी मी गिळलं असतं, तसा रिवाज तरी आहे. पण मावशीला? तू लहान, म्हणून जन्मभर सगळं तुला आधी मिळालं. खिडकीची जागा, नवी छत्री, आप्पांच्या मांडीवरची बैठक. तेव्हा मी काही बोलले नाही. हे मात्र माझं होतं गं. हे तू घ्यायला नको होतंस.

खरं काय ते लिही. लिहिणार नसलीस तर बेरीही पाठवू नकोस.

आनंदी


गोडवली
२७ एप्रिल २०२६

ती. आनंदीताईस,
शि. सा. न.

वि. वि. तुला ओळखता आलं, त्यात नवल नाही. मलाच झाकता आलं नाही. हो, आहे. तीन महिने एक मेच्या सुमारास पुरे होतात. तोवर कोणाला सांगायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली होती. ती मी पपईपायी मोडली.

मी काही घेतलं नाही, ताई. ती आली, व्हरांड्यात बसली आणि सांगून मोकळी झाली. मी तिला पहिलं हेच विचारलं की आईला सांगितलंस का. तिने काय उत्तर दिलं ते लिहायचं की नाही, ह्यावर मी रात्रभर विचार केला. पण तू खरं मागितलंस म्हणून लिहिते. ती म्हणाली, मागच्या खेपेला सगळं हातचं गेलं तेव्हा आई इतकी कोसळली की आईलाच सांभाळावं लागलं. दवाखान्यातून घरी आल्यावर मीच तिला पाणी दिलं, मीच तिची समजूत काढली. माझं रडायचं राहूनच गेलं. ह्या वेळी काही झालं तर मला आधी रडायचंय, म्हणून मावशी, तुला सांगतेय.

हे तुझ्यावर प्रेम नाही म्हणून नाही, फार आहे म्हणून आहे. मला मूल नाही, त्यामुळे माझ्यासमोर रडायला तिला सोपं जात असेल. मत्सर करण्यासारखं ह्यात काय आहे ते मला तरी दिसत नाही.

बेरी पाठवतेच आहे. तू पपई घाल नाहीतर नको घालूस, पण तिला काही विचारू नकोस, एवढी भीक घाल.

तुझीच,
सत्यशीला


पुणे
२ मे २०२६

चि. सौ. सत्यशीला हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद, मागचे थकलेले धरून.

वि. वि. तुझ्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, कारण दोन दिवस ते पत्र मला दुसऱ्यांदा वाचवेना. रागच आला होता. रडले तर रडले, माझी मुलगी होती ती, मी काय हसायला हवं होतं? असं मनातल्या मनात तुझ्याशी पुष्कळ भांडले. मग बेरी आल्या आणि देठासकट धुवायला बसले.

काल सगळं यथासांग पार पडलं. अभिनवरावांची शेगडी तासभर धुमसत होती, शेवटी ह्यांनी चुलीतले निखारे त्यात ओतले आणि वर मिशीत हसले. निशा गाडीतून आली, सावकाश. मी तिला वाऱ्याच्या बाजूला आंब्याखाली खुर्ची टाकून दिली आणि काही म्हणाले नाही. पानं मांडली, मग सॅलड केलं. मीठ शेवटी घातलं. तुझी करवंदं चांगली पिकली होती, त्यांनीच खरी मजा आणली असं माझं मत आहे. तेवढ्यात हे झाडावरची पिकलेली पपई घेऊन आले आणि म्हणाले की हिच्याशिवाय तुमचं सॅलड व्हायचं कसं, आणि सुरीच लावली. मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली, कडू निघाली आहे असं ठणकावून सांगितलं आणि शेजारच्या वाडीत देऊन आले. न चाखता कडू कशी कळली, म्हणून ते संध्याकाळपर्यंत विचारत होते. निशा माझ्याकडे बघत होती. तिने दोनदा वाढून घेतलं, आणि मावशीसारखं झालंय असं म्हणाली नाही. छान झालंय म्हणाली.

जेवणं झाल्यावर मी नळावर भांडी घासत होते. ती येऊन शेजारच्या दगडावर बसली आणि तिने सांगितलं. सत्यशीला, मी रडले नाही. पातेलं घासत राहिले. तिला म्हटलं, बरं झालं, आता तब्येतीला जप, भीती वाटली तर वाटू दे, मी आहे. तर तीच रडायला लागली. माझे हात राखेचे होते, तसेच तिच्या पाठीवर ठेवले, ड्रेस खराब झाला. पुष्कळ वेळ रडली. मी हललेसुद्धा नाही.

नंतर मी विचारलं, अजून कोणाकोणाला माहीत आहे? ती म्हणाली, अभिनवला, आणि आता तुला. आई, तुलाच पहिल्यांदा सांगतेय.

माझ्या पोरीने माझ्या डोळ्यांत बघून धडधडीत थाप मारली. मला काय माहीत आहे हे तिला कळलंय का, हे मला ठाऊक नाही आणि मी विचारणारही नाही. पण इतकी गोड थाप मला आजवर कोणी मारलेली नाही.

तेव्हा आता तुझं काम. रविवारी संध्याकाळी निशा इथे आहे. मी तुला फोन करून बातमी देणार. स्पीकरवर. तुला काही म्हणजे काही माहीत नाही. नीट दचकायचं, अगं बाई म्हणायचं, आणि माझ्याकडून कळलं म्हणून आनंद झाला असंही म्हणायचं. मी मुख्याध्यापिका झाले तेव्हा म्हणालीस तसं कोरडं म्हणू नकोस. एवढं माझ्यासाठी कर, बाकी लोभ तू सांगशील त्या भावाने.

तुझी,
आनंदीताई


गोडवली
४ मे २०२६

ती. आनंदीताईस,
शि. सा. न.

वि. वि. कालचं कसं काय वाटलं? अगं बाई इतक्या जोरात म्हटलं की हे मोटारीपासून धावत आले. त्यांनाही मी काही बोलले नव्हते, त्यामुळे ते खरोखरच दचकले आणि देवापुढे साखर ठेवून आले. फोनवर तुझ्यामागे निशा हसली ते मला ऐकू आलं. तुला आलं नसेल.

फोन ठेवल्यावर मी वाफ्यात गेले. हंगाम संपलाय, रोपं काढायची आहेत. तिथे बसून मला भयंकर वाईट वाटलं, ताई. मत्सर करण्यासारखं काय आहे, असं मी मोठ्या शहाणपणाने तुला लिहिलं होतं. मी जन्मभर तुझा मत्सर करत आले आहे. खिडकीची जागा मला मिळाली असेल, पण निशा तुला मिळाली. सुट्टीत ती यायची आणि सुट्टी संपली की तू न्यायला यायचीस, तेव्हा मी हसून डबा भरून द्यायचे आणि तुमची एसटी वळली की दार लावून घ्यायचे.

आता लिहून टाकलं, बरं वाटलं. डोहाळजेवण तू कर, ओटी तू भर, बाळंतपण तुझ्याकडेच होऊ दे, मी कशात मध्ये येणार नाही. मार्चपासून तुला कळेपर्यंत मात्र त्या बाळाची काळजी करणारी आपल्या दोघींत मी एकटी होते. ते दिवस माझे आहेत ताई, ते मी कोणालाही देणार नाही.

दाजींना नमस्कार. लोभ असू दे, आणि हेवाही असू दे थोडा, दोन्हीकडून.

तुझी धाकटी,
सत्यशीला