निकालाच्या आधी

३ जानेवारी
पेपरातल्या नोकरीचा राजीनामा दिला. इतकी वर्षं फुटबॉलचा कॉलम लिहिला, आता बास. संपादकांनी चष्मा काढून पुसला. भरून आलं असावं. मग म्हणाले, जाताना ड्रॉवरची किल्ली रिसेप्शनवर ठेवा.
संकल्प : उन्हाळ्याआधी कादंबरी. नायक गोलकीपर. म्हणजे आपला दादाच.

५ जानेवारी, सकाळ
कादंबरीचा शेवट लिहून काढला. गोलकीपर मरतो. माझं मलाच रडू आलं. शेवट आधी लिहायचा ही पेपरातली सवय. मॅच संपली रे संपली की रिपोर्ट हवा असायचा, म्हणून मी जिंकल्याचा एक आणि हरल्याचा एक असे दोन लिहून तयार ठेवायचो आणि शेवटची दहा मिनिटं न बघता स्टेडियममधून सटकायचो. स्कोअर फोनवर कळायचा, ट्रॅफिकही लागायचं नाही. निकालाची वाट बघत ताटकळतात ते बातमीदार. मी लेखक.

१९ जानेवारी
वहिनीचा फोन. दादाला हॉस्पिटलमध्ये ठेवलंय. फुफ्फुसात पाणी झालंय. ताबडतोब जायला हवं. पहिला खर्डा हातावेगळा झाला की निघतोच.

२ फेब्रुवारी
बायको म्हणाली, अहो, भावाला बघून तरी या. मी म्हटलं, मी दिवसभर त्याच्याजवळच असतो, चौथ्या प्रकरणात. तिने कपाळाला हात लावला. लेखकाशी संसार म्हणजे हे आलंच.

२० एप्रिल
कादंबरी छापून आली. खप नाही. प्रकाशक म्हणतात, वाचक अजून तयार नाही. बरोबर आहे, मी जरा पुढचं लिहितो. दादा सध्या घरी आहे. वहिनी त्याला रोज थोडी वाचून दाखवते. फोनवर म्हणाला, अरे, मला निदान हाफटाइमपर्यंत तरी खेळू द्यायचंस. पुढे खोकला आला, बोलता येईना. भारावलाय बिचारा.

८ मे
रेडिओ मिळाला. दर शनिवारी संध्याकाळी पंधरा मिनिटं, लाइव्ह. प्रोड्यूसरबाई म्हणाल्या, तुमच्या आवाजाने झोप येते. दमलेल्या माणसाला आणखी काय हवं असतं? कादंबरी ही नुसती पायरी होती, हे आता लक्षात येतंय.

२७ मे
दादा पुन्हा हॉस्पिटलमध्ये. वहिनी म्हणाली, सारखे विचारतात, धाकटा कधी येणार. लगेच कामाला बसलो. दादावरच्या कार्यक्रमाचे दोन कागद तयार केले. एक बरा झाल्याचा, एक गेल्याचा. गेल्याचा जास्त छान उतरलाय. बायकोने वाचला आणि अबोला धरला. यात अभद्र काही नाही. याला तयारी म्हणतात.

११ जून, शनिवार
शेवटी गेलोच. वॉर्डच्या दारातून पाहिलं. दादाच्या खाटेभोवती पडदा ओढलेला. बाहेर वहिनी तोंडाला रुमाल लावून रडत होती. घड्याळ पाहिलं, कार्यक्रमाला जेमतेम तास. तिला त्या अवस्थेत काय विचारायचं? दिसत होतं ते पुरेसं होतं. तसाच स्टुडिओत आलो. दुसरा कागद वाचला. सुरुवातीला आयत्या वेळी एक वाक्य घातलं की आत्ताच त्याच्या उशाशी बसून, त्याचा निरोप घेऊन येतोय. आवाज दोनदा भरून आला. प्रोड्यूसरबाईंनी डोळे पुसले. इतकं चांगलं मी आजवर बोललो नव्हतो.

१२ जून
दादा जिवंत आहे.
पडद्याआड नर्स त्याचं अंग पुसत होती. डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं की आता उतार पडतोय, म्हणून वहिनीला रडू आलं होतं. दादाच्या उशाशी रेडिओ असतो. एकही शनिवार चुकवत नाही म्हणे. वहिनी बंद करायला उठली तर त्याने तिचा हात धरला. शेवटपर्यंत ऐकलं. मग एवढंच म्हणाला, म्हणजे आला होता तर. मग आत का नाही आला?
हे सगळं मला बायकोने सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघत नव्हती.

१५ जून
कार्यक्रम बंद. श्रोते भडकलेत. असो, नाव तर झालं. दादाकडे जाऊन पाय धरायचे. उद्याच. तो हसला तर काय बोलायचं आणि चिडला तर काय, दोन्ही नीट लिहून काढतोय.

२ जुलै
चिडल्याचा कागद झाला. हसल्याचा जमत नाहीये. बायको म्हणाली, तसेच जा हो, हात हलवत जा. ती कधी पेपरात नव्हती, तिला नाही कळायचं.

१९ जुलै
दादा गेला. वहिनीने फोन बायकोला केला, मला नाही.
अंत्यविधीला त्याच्या टीममधले म्हातारे आले होते. एकेक जण बोलायला उभा राहिला. कुणालाच धड बोलता येईना, वाक्य अर्ध्यावर सोडून खाली बसत होते. मी पुढे झालो. खिशात कागद नव्हता, पहिल्यांदाच. मला खरंच काहीतरी सांगायचं होतं. वहिनीने हळूच दंड धरून मागे घेतलं. रागावली नव्हती. म्हणाली, तुम्ही नका भाऊजी. तुमचं बोलून झालंय. आम्ही दोघांनी मिळून ऐकलंय ते.