पडलेला क्लेचा गोळा

मंगळवार, दिवेलागण

सुनेला सांगून टाकलं एकदाचं.

सुनंदा, माझी सून, गाड्यांना पॉलिश करते. त्याआधी गाडी धुऊन, पाणी मारत मारत मऊ क्लेचा गोळा सगळ्या पत्र्यावर फिरवते. रंगात रुतलेली धूळ त्याला चिकटून येते. मग हातात पातळ पिशवी घालून पत्रा चाचपते. नुसत्या हाताला न लागणारी खरखर पिशवीतून कळते म्हणे. मी चौथी शिकलेला, मला हे कुठून सुचणार?

दुपारी ती चहाला आत गेली तेव्हा गोळा स्टुलावरून खाली पडलेला दिसला. चांगली वस्तू, म्हणून धोतराला पुसून परत ठेवला. संध्याकाळी ती कुणाला तरी फोनवर सांगत होती, गोळा खाली पडला की फेकायचाच, आत खडा राहतो. तोवर त्याच गोळ्याने काळ्या गाडीचं दार घासून झालेलं! सांगू की नको? तो गोळा डोळ्यांपुढून हलेना.

शेवटी सांगितलं. ती ओरडली नाही. बॅटरी तिरपी धरून दार पाहिलं. दोन बारीक रेघा.

“बरं व्हयनं आबा, तुम्ही सांगं. पॉलिशमा निंघी जातीन. आते ते धोतर धुवाले टाका, बठ्ठी धूळ त्यामाच शे!”

गाडीच्या मालकालाही सांगणार म्हणाली. “रेघा निघणारच, मग मालकाला कशाला सांगायचं?” मी म्हटलं.

“त्यानी गाडी शे ना, आबा.”

सकाळी सांगणार आहे, तेही माझं नाव न घेता, स्वतःच्या हातून झालं म्हणून. केवढी छाती पोरीची!

मालक आला की मीच पुढे होईन.